एअर ॲम्ब्युलन्सवरच्या वैद्यकीय चमूचं प्रशिक्षण: इंदूर आणि आसपासच्यांचे नेहमीचे प्रश्न

मध्य प्रदेशात २०२४ साली पीएम श्री एअर ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. त्यात एक हेलिकॉप्टर आणि एक विमान आहे, आणि आयुष्मान कार्डधारकांना ही सेवा मोफत मिळते. तेव्हापासून इंदूर, देवास, बुऱ्हाणपूरकडची नर्सिंग झालेली मुलं-मुली आणि भूलतज्ज्ञ या कामाबद्दल विचारू लागले आहेत. खालची उत्तरं त्यांच्यासाठी आहेत. खाजगी सेवेत काम करणाऱ्यांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

आयसीयूचा अनुभव आहे. मग वेगळं प्रशिक्षण कशाला?

उपचार तेच असतात, जागा बदलते. आयसीयूत काही चुकलं तर हाक मारली की चार माणसं येतात. विमानात तुम्ही दोघंच असता, उभं राहता येत नाही आणि स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही. शिवाय हवेचा दाब कमी झाला की श्वासाच्या ट्यूबचा कफ (ट्यूबभोवतीचा फुगा), सलाईनची बाटली, छातीतली हवा, सगळ्यांचं वागणं बदलतं. म्हणून या प्रशिक्षणाचा मोठा भाग उडण्याआधी जमिनीवर काय करायचं याचाच असतो. हवेत करावी लागणारी प्रत्येक प्रोसिजर म्हणजे खाली राहून गेलेलं काम, असंच धरून चला.

पात्रता काय लागते?

आयसीयू, कॅज्युअल्टी किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये दोन-तीन वर्षं हात बसलेला हवा. बीएलएस, एसीएलएस, पीएएलएस (जीव वाचवण्याचे मूलभूत, प्रगत आणि लहान मुलांसाठीचे कोर्स) आणि ट्रॉमाचा, म्हणजे गंभीर दुखापतीचा, एखादा कोर्स, आयटीएलएस किंवा एटीएलएस, चालू मुदतीचा असावा. पॅरामेडिक मंडळी आता २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याखाली येतात. अमेरिकेतली एफपी-सी ही पॅरामेडिकची आणि सीएफआरएन ही नर्सची परीक्षा जगभर ओळखली जाते. त्यांचा अभ्यासक्रम उत्तम आहे, वाचायला जरूर घ्या. पण सर्टिफिकेटांची फाइल जाड करण्याआधी व्हेंटिलेटर आणि सिरिंज पंप डोळे मिटून चालवता येतील इतका सराव करा.

हेलिकॉप्टर आणि विमान, दोन्हींचं प्रशिक्षण एकच का?

पाया एक, पुढे वाटा वेगळ्या. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोनकडून रुग्ण इंदूरला आणायचा तर हेलिकॉप्टर. इंदूरहून मुंबई, दिल्ली, हैदराबादला न्यायचा तर विमान. हेलिकॉप्टरची केबिन दाबबंद नसते, पण ते फार उंचही जात नाही. खरगोनहून विंध्याची कड ओलांडताना समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांवर गेलात तर शरीरातली कोंडलेली हवा दहा-बारा टक्के फुगते. खरा त्रास आवाज, हादरे आणि उतरण्याच्या जागेचा. विमानात शांतता जास्त आणि जागा बेताची, पण केबिनचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तसा होतो आणि तिथे मात्र नीट हिशेब करावा लागतो.

तो हिशेब कसा करायचा?

पुस्तकातली उदाहरणं समुद्रसपाटीवरून, म्हणजे ७६० मिलिमीटर पाऱ्यापासून सुरू होतात. इंदूरचा विमानतळ सुमारे १,८५० फुटांवर आहे. इथे हवेचा दाब ७१० च्या आसपास असतो. केबिन ८,००० फुटांवर गेली की तो ५६५ होतो.

ऑक्सिजनसाठी सूत्र सोपं आहे: आत्ताचा एफआयओटू (रुग्णाला दिल्या जाणाऱ्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) गुणिले खालचा दाब, भागिले वरचा दाब. रुग्ण इंदूरच्या बेडवर ०.४० वर ठीक असेल, तर ०.४० × ७१० ÷ ५६५ = ०.५०. वर गेल्यावर इतका दिला तरच तो होता तिथे राहील. रुग्ण खालीच ०.८५ वर असेल तर उत्तर १.०७ येतं. १०० टक्क्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन कुणीच देऊ शकत नाही, म्हणजे या केबिन-उंचीवर हा रुग्ण उडू शकत नाही. अशा वेळी पायलटला केबिन ५,००० फुटांवर ठेवायला सांगा. तिथला दाब ६३२ धरला तर उत्तर ०.९५ च्या आसपास येतं. जेमतेम जमेल, पण हाताशी काही उरणार नाही. आधी पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) वाढवून, छातीतला चिकट कफ ओढून काढून, पोझिशन बदलून रुग्णाला खालीच सुधारायचा प्रयत्न करा. नाही सुधारला तर 'आज नको' म्हणण्याची तयारी ठेवा. हे म्हणता येणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

हवेच्या आकारमानाचा हिशेबही याच दोन आकड्यांनी होतो. ७१० भागिले ५६५ म्हणजे सुमारे १.२५. इंदूरला कोंडलेली १०० मिली हवा वर १२५ होते. शरीराच्या आत, ओलाव्यामुळे, त्याहून थोडी जास्त.

ट्यूबच्या कफमध्ये सलाईन भरावं की हवा?

मतं दोन्हीकडे आहेत. आमचा कल हवेकडे आहे, पण कफ मॅनोमीटर (कफचा दाब मोजायचं साधन) सोबत हवाच. दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दरम्यान ठेवायचा. मोजायचा चार वेळा: बेडपाशी, केबिन वर चढत असताना, वर स्थिरावल्यावर आणि खाली येताना. चढताना हवा काढली नाही तर दाब ३० च्या कितीतरी वर जातो आणि श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा बंद पडतो.

मुंबईच्या फेरीत हमखास राहून जाते ती उतरतानाची भर. वर हवा काढलेली असते, आणि मुंबई समुद्रसपाटीवर असल्याने दाब इंदूरपेक्षाही वाढतो. कफ पिचकतो, व्हेंटिलेटर लीकचा अलार्म देतो आणि नेमक्या त्याच वेळी विमान धावपट्टीवर टेकत असतं. पायलट उतरायला सुरुवात करतो तेव्हा त्याच्याकडून तसा इशारा मागून घ्या आणि तेव्हाच मॅनोमीटर हातात घ्या.

फोलीच्या (लघवीच्या नळीच्या) फुग्यात नेहमीप्रमाणे पाणीच असावं, हवा नको.

ऑक्सिजन किती न्यायचा?

बेडपासून बेडपर्यंतचा धरायचा. नुसत्या उड्डाणाचा धरलात तर फसाल. इंदूरच्या विजयनगर भागातल्या हॉस्पिटलातून संध्याकाळी विमानतळ ४० मिनिटं, चढवायला १५, उड्डाण ८०, उतरवायला १५, मुंबईत रस्ता ६०. एकूण २१० मिनिटं. व्हेंटिलेटरवर मिनिटाला ८ लिटर हवा आणि मशीनचा स्वतःचा खर्च २ लिटर, सगळा शुद्ध ऑक्सिजन धरून मिनिटाला १० लिटर. झाले २,१०० लिटर. त्यावर निम्मा राखीव, म्हणजे ३,१५०.

बी-टाईप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर सुमारे १,५०० लिटर देतो. तळाचा पाचवा हिस्सा हिशेबात धरू नका. म्हणजे तीन सिलिंडर. विमानात बसवलेला साठा वेगळा असला तरी तो विमानातच राहतो, रस्त्यावर उपयोगाचा नाही. त्यामुळे रस्ता आणि चढ-उताराच्या १३० मिनिटांसाठी हातातले किमान दोन सिलिंडर लागतातच.

हाय-फ्लो नेझलवर (नाकातून जोराच्या ऑक्सिजनवर) असलेला रुग्ण तसाच न्यायचा विचार करू नका. मिनिटाला ६० लिटरने १,५०० लिटरचा सिलिंडर २५ मिनिटांत संपतो. त्याला आधी एनआयव्हीवर (मास्कच्या व्हेंटिलेटरवर) घेऊन बघा, किंवा ट्यूब टाकून न्या.

आणि रेग्युलेटरची चावी! सिलिंडर भरलेला, रेग्युलेटर जोडलेला, चावी दुसऱ्या गाडीत. ही पंचाईत इतकी नेहमीची आहे की चावी दोरीने सिलिंडरलाच बांधायचा नियम करा.

रुग्णाच्या बेडपाशी पोचल्यावर काय काय करायचं?

घाई करायची नाही. विमान थांबलंय म्हणून नातेवाईक, हॉस्पिटल, कधीकधी पायलटही घाई करतात. तयारीला अर्धा-पाऊण तास लागतो असं फोनवरच सांगून ठेवा.

श्वासापासून सुरुवात करा. वाटेत ट्यूब टाकावी लागेल अशी शंका असेल तर ती इथेच टाका. विमानात लॅरिंगोस्कोप धरून डोक्यामागे बसायला जागा नसते. ट्यूब दातांपाशी किती सेंटिमीटरवर आहे ते लिहा, पट्टी नव्याने लावा, कॅप्नोग्राफ (बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) जोडा. नंतर रुग्णाला आपल्या व्हेंटिलेटरवर घ्या आणि किमान १५ मिनिटं तिथेच ठेवून पुन्हा एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) बघा. हॉस्पिटलच्या भारी मशीनवर छान दिसणारा रुग्ण ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटरवर घसरतो, तो इथे घसरलेला बरा.

मग शिरा. दोन मोठे कॅन्युला, दोन्ही चालू असल्याची खात्री, आणि एकाला लांब एक्स्टेन्शन, कारण पट्टे आवळल्यावर हात ब्लँकेटखाली जातो. चालू असलेली इनोट्रोप्स (हृदय आणि बीपी सावरणारी औषधं) आपल्या पंपांवर घ्या, पण नॉरॲड्रेनॅलिनची सिरिंज काढून दुसऱ्या पंपात लावली तर मधल्या अर्ध्या मिनिटात बीपी कोसळतो. नवा पंप आधी समांतर चालू करायचा, बीपी किंचित वाढताना दिसला की जुना बंद करायचा. आपल्याकडच्या अर्धकडक प्लास्टिक बाटलीतून ठिबकणारं सलाईन चढताना आपोआप जोरात जातं, कारण बाटलीतली हवा फुगते. म्हणून औषध पंपावर आणि सलाईन मऊ पिशवीत, हवा काढून. प्रेशर बॅग वापरलीत तर तीही वर गेल्यावर तपासा.

नाकातली पोटनळी उघडी ठेवून पिशवीला जोडा, चिमटा लावू नका. कोलोस्टॉमीची (पोटावर काढलेल्या शौचमार्गाची) पिशवी रिकामी करा. ४८ तासांच्या आतलं प्लास्टर असेल तर ते दोन्ही बाजूंनी कापून घ्या. हवेचे स्प्लिंट टाळा. व्हॅक्यूम गादीचं उलटं होतं: वर गेल्यावर ती ढिली पडते, तेव्हा पंप हाताशी हवा.

शेवटी औषधं भरून, लेबल लावून एका ट्रेमध्ये: ॲड्रेनॅलिन, ॲट्रोपिन, केटामाइन, रोक्युरोनियम, मिडाझोलाम, फेंटानिल. हादऱ्यात ॲम्प्युल फोडणं म्हणजे बोटं कापून घेणं.

छातीत, डोक्यात किंवा डोळ्यात हवा असेल तर?

न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत अडकलेली हवा) कितीही लहान असो, ती काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, टाकल्याशिवाय विमानात नेऊ नये. पाण्याच्या बाटलीऐवजी हाइमलिक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आणि पिशवी वापरा, बाटली स्ट्रेचरवर आडवी होते. ड्रेनला क्लॅम्प कधीही नाही.

डोक्याच्या ऑपरेशननंतर कवटीत राहिलेली हवा, किंवा रेटिनाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात भरलेला वायू असेल तर केबिनचा दाब जमिनीसारखा ठेवावा लागतो. किंग एअर बी-२०० या छोट्या विमानात आत-बाहेरच्या दाबात ६.५ पीएसआयचा फरक राखता येतो, म्हणजे आत समुद्रसपाटीचा दाब ठेवायचा तर विमान १५,००० फुटांच्या आसपासच उडेल. खाली उडालं की इंधन जास्त जळतं आणि ढगांतले धक्केही जास्त बसतात. म्हणून हे पायलटला आदल्या फोनवरच सांगायचं. विमानाच्या पायरीवर सांगितलं तर सगळं नियोजन पुन्हा करावं लागतं.

डोक्याला मार असलेल्या रुग्णाचं डोकं शक्यतो विमानाच्या नाकाकडे ठेवा आणि ३० अंश उचला. विमान धावपट्टीवर वेग घेतं तेव्हा रक्त शेपटीकडे ढकललं जातं.

रुग्णाचं वजन विचारतात ते कशासाठी?

उन्हाळ्यामुळे. मे महिन्यात इंदूरला ४२ अंश तापमान असेल तर हवा इतकी विरळ होते की हेलिकॉप्टरच्या पंख्याला आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. उचलण्याची ताकद घटते. रुग्ण, दोघं क्रू, सिलिंडर, बॅगा, सगळं वजनकाट्यावर मोजून सांगा. 'साठ-पासष्ट असतील' हे उत्तर चालत नाही. आणि 'मुलालाही सोबत घ्या ना' याचं उत्तर पायलट देईल, तुम्ही नाही.

हेलिकॉप्टरजवळ कसं जायचं?

पायलटने किंवा क्रूने अंगठा दाखवेपर्यंत जायचंच नाही. मग त्याच्या नजरेसमोरून, किंचित वाकून. नेमक्या कोणत्या कोनातून, ते मॉडेलनुसार बदलतं, कारण काही हेलिकॉप्टरांचा पंखा पुढच्या बाजूला खाली झुकलेला असतो. शेपटीकडे कधीही नाही: मागचा पंखा फिरत असताना डोळ्यांना दिसत नाही. एच-१४५ या हेलिकॉप्टरमध्ये शेपटीचा पंखा बंदिस्त असतो आणि स्ट्रेचर मागच्या दारानेच चढतं, पण तिथेही क्रूच्या हाताला धरूनच. जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूने येऊ नका, तिकडे पाती डोक्याच्या उंचीला येतात. पंखा मंदावताना तर सपाट जमिनीवरही पाती खाली झुकतात, म्हणून इंजिन बंद झालं की लगेच धावत सुटायचं नाही.

टोपी, ओढणी, मोकळी चादर, गळ्यातलं आयकार्ड, सगळं काढा. सलाईनचा स्टँड उभा धरू नका, पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवा. स्ट्रेचर कमरेच्या खाली.

गावात उतरण्याची जागा कोण ठरवतं?

अंतिम शब्द पायलटचा. खाली थांबलेल्यांनी मदत करायची ती अशी: हलक्या दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरसाठी किमान ३० बाय ३० मीटर मोकळी जागा, रात्री त्याहून मोठी, उतार पाच अंशांच्या आत, आणि वीजतारा किंवा डीपी जवळ असल्यास वायरलेसवर आधीच सांगायचं. वरून तार दिसत नाही, खांब दिसतो. शाळेचं मैदान असेल तर टँकरने पाणी शिंपडा, नाहीतर धुळीत पायलटला जमीन दिसेनाशी होते. खरगोन-बडवानीकडच्या निमाडात आणखी एक गोष्ट: मिरचीच्या आणि टरबुजाच्या शेतातली मल्चिंगची प्लास्टिक पट्टी. पंख्याच्या वाऱ्याने ती उपटते, उडते आणि थेट वर शोषली जाते. शेजारच्या शेतात मल्चिंग असेल तर ती जागाच बाद. गर्दीला किमान ५० मीटर मागे ठेवा, आणि मोबाइलचे टॉर्च पायलटच्या डोळ्यांत मारू देऊ नका.

आवाजात रुग्णाकडे लक्ष कसं ठेवायचं?

डोळ्यांनी. अलार्म ऐकू येत नाही, म्हणून मॉनिटर असा बांधा की पट्टा न सोडता दिसेल. ट्यूब जागेवर आहे का, हे कॅप्नोग्राफची लाट सांगते. हादऱ्याने दंडाच्या पट्ट्याने मोजलेला बीपी चुकतो, गंभीर रुग्णाला आधीच आर्टेरिअल लाइन (धमनीतून थेट बीपी मोजणारी नळी) टाका. हेडसेटवर बोलताना दुसऱ्याने सांगितलेला डोस परत उच्चारायचा आणि मगच द्यायचा. उड्डाण आणि उतरतानाच्या वेळी पायलटशी गप्पा नाहीत. रुग्ण कोसळत असेल तर मात्र एका वाक्यात सांगा.

हवेत हृदय बंद पडलं तर?

शॉकचे पॅड्स आधीच छातीला चिकटवलेले हवेत. शॉक द्यायच्या आधी पायलटला सांगायचं, ऑक्सिजनची नळी छातीपासून दूर करायची, कुणी स्ट्रेचरच्या धातूला टेकलेलं नाही बघायचं, मग शॉक. सीपीआर गुडघ्यांवर बसून द्यावा लागतो आणि तो लवकरच उथळ होतो, म्हणून यांत्रिक सीपीआरचं साधन असेल तर धोक्याच्या रुग्णाखाली त्याची पाठफळी चढवतानाच सरकवून ठेवा.

केबिनचा दाब अचानक गेला तर?

आधी स्वतःचा मास्क, मग रुग्ण. २५,००० फुटांवर शुद्ध टिकते तीन ते पाच मिनिटं, ३५,००० वर अर्धा ते एक मिनिट, आणि दाब झटक्यात गेला तर त्याच्या निम्मीच. पायलट खाली १०,००० फुटांकडे झेपावेल. तुम्ही पट्टा, कफ, पोटनळी आणि ड्रेन बघा. बेंगळुरूच्या वायुसेनेच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये कमी दाबाचा चेंबर आहे. आपल्याला ऑक्सिजन कमी पडू लागला की नेमकं काय होतं, नखं निळी पडतात की उगाच हसू येतं, हे चेंबरमध्ये बसल्याशिवाय कळत नाही.

पाण्यात पडल्यावर सुटण्याचं प्रशिक्षण इंदूरच्या माणसाला कशाला?

नर्मदेवर ओंकारेश्वर आणि इंदिरासागरचे जलाशय आहेत. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं की वरचं वजन जास्त असल्याने उलटतं. एक हात दारावर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर. हालचाल थांबेपर्यंत थांबायचं, दार उघडायचं, आणि मगच पट्टा सोडायचा. पट्टा आधी सोडला तर पाण्यात दिशाच कळत नाही.

मला विमान लागतं. काय करू?

क्षितिजाकडे बघा, लिहिणं कमी करा, गार हवेचा झोत चेहऱ्यावर घ्या. झोप आणणारी गोळी ड्यूटीवर नको. रिकाम्या पोटी जाऊ नका, पण इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीत कचोरी चेपूनही जाऊ नका: पोटातला वायू तुमचाही फुगतोच. सर्दीने कान बंद असतील त्या दिवशी ड्यूटी बदलून घ्या.

नातेवाइकांना काय सांगायचं?

खरं आणि थोडक्यात. 'काकू, वाटेत बीपी पडू शकतो, त्यासाठीची औषधं भरून ठेवली आहेत. हृदय बंद पडण्याचाही धोका आहे,' हे उड्डाणाआधी, संमतीपत्रावर सही घेताना. मुंबईत कोणत्या दारी यायचं आणि कुणाला भेटायचं ते कागदावर लिहून द्या. सरकारी सेवेची मागणी जिल्हा प्रशासनामार्फत जाते, त्याची घाई तुमच्याकडे केली तर तेवढंच सांगा.

विमान नसताना सराव कुठे करायचा?

एका खोलीत. किंग एअरची केबिन सुमारे १३७ सेंटिमीटर रुंद आणि १४५ उंच असते. जमिनीवर तेवढ्या रुंदीची पट्टी चिकटवा, १४५ वर दोरी ताणा, मध्ये स्ट्रेचर आणि पुतळा. दोरीला डोकं लागलं की वेळ थांबवून पुन्हा सुरुवात. स्पीकरवर इंजिनचा आवाज लावा आणि दोघांनी फक्त हेडसेटवर बोला.

पहिल्या फेरीत काय होतं ते ठरलेलं आहे: सक्शन स्ट्रेचरच्या पलीकडच्या बाजूला राहतं, मॉनिटरचं तोंड भिंतीकडे, खाली पडलेली कुपी गडगडत सीटखाली. प्रत्येक वस्तूला जागा आणि वेल्क्रो द्या. मग कफ फुटला, सिलिंडर संपला, पंपाची बॅटरी गेली, असे बिघाड एकामागून एक न सांगता घाला. दिवे मालवूनही एकदा करा, कपाळावरच्या लाल टॉर्चच्या उजेडात. लाल उजेडात लाल अक्षरांची लेबलं दिसत नाहीत, हे तिथेच लक्षात येतं.